क्रोशाची सुई आणि दुष्काळांतलें आयर्लंड

दिवाणखान्यांतील मेजावर पसरलेलें जाळीदार आच्छादन, दारावरचें पांढरें तोरण, बाळाच्या टोपड्याची किनार, किंवा लग्नाच्या रुखवतांत मांडलेला मोराच्या आकाराचा रुमाल—क्रोशाचें काम म्हटलें म्हणजे मध्यम स्थितींतील मराठी कुटुंबांत जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें तें हें असें स्वस्थतेचें आहे. दुपारचीं कामें आटोपल्यावर, जरा पाय पसरून, बोलतां बोलतां करावयाचें हें काम. त्यांत कोणाच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला असेल अशी शंकाहि सहसा मनास शिवत नाहीं. परंतु उठावदार पाकळ्यांचा गुलाब, तीन दळांचें पान, आणि फुलांफुलांना सांधणारी गांठींची नाजूक जाळी हे जे नमुने जगभरच्या क्रोशाच्या पुस्तकांत आजहि आढळतात, ते एका उपाशी देशांत, अत्यंत विपन्न अशा स्त्रियांच्या हातून आकारास आले. तो देश आयर्लंड, आणि तो काळ १८४५ नंतरच्या पांच-सहा वर्षांचा.

क्रोशा हा शब्द फ्रेंच आहे आणि लहान आंकडा हा त्याचा मूळ अर्थ. दोन सुयांवरचें विणकाम पुष्कळच जुनें. ईजिप्तच्या वाळूंत त्याचे मध्ययुगांतील मोजे सांपडले आहेत. उलट क्रोशाच्या प्राचीनत्वाविषयीं नाना अद्भुत कथा प्रसृत असल्या, तरी १८०० पूर्वींचा असा त्याचा निःसंशय नमुना कोणास दाखवितां आलेला नाहीं. ह्या विषयाच्या अभ्यासकांपैकीं अनेकांचा कल असा आहे कीं, अठराव्या शतकांत युरोपांतील उच्चभ्रू स्त्रियांत ‘तांबूर’ नांवाचें जें भरतकाम लोकप्रिय झालें होतें, त्याच्या पोटीं क्रोशाचा जन्म झाला. तांबूर म्हणजे ढोलकें. डफासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून बसवावयाचें, आणि बारीक आंकड्यानें खालचा दोरा वर ओढून साखळीचा टांका घालीत जावयाचें, अशी ती कृति. युरोपास ती पूर्वेकडून मिळाली. आणि येथें कच्छ-काठेवाडांतील मोचीभरताचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. चामडें शिवण्याच्या आरीसारख्याच बारीक आरीनें हे कारागीर कापडावर रेशमी साखळी भरीत, आणि गुजराथेंतील असलीं भरलेलीं कापडें सतराव्या व अठराव्या शतकांत जहाजांतून युरोपास जात. साखळी घालावयास खालीं कापड असलेंच पाहिजे असें नाहीं, साखळींत साखळी अडकवीत गेल्यास नुसत्या दोऱ्याचेंच वस्त्र होऊं शकतें, एवढी एक गोष्ट ध्यानांत येण्याचा काय तो अवकाश होता.

१८२३ सालीं ‘पेनेलोपे’ नांवाच्या एका डच मासिकांत क्रोशाच्या छोट्या बटव्यांची कृति छापली गेली. ह्या कामास ‘क्रोशे’ हें नांव देऊन छापलेली ही पहिली ज्ञात कृति होय. त्यानंतर वीस वर्षांच्या आंत इंग्लंडांत असल्या पुस्तकांचा पूर लोटला. कागद स्वस्त झाला होता, गिरणीचा पिळदार सुती दोरा दुकानोदुकानीं मिळूं लागला होता, आणि गिरण्यांच्या जोरावर संपन्न झालेल्या वर्गांतील गृहिणींना हाताला कांहींतरी शोभिवंत उद्योग हवा होता. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर असें भारदस्त नांव धारण करणाऱ्या एका तरुण स्त्रीनें १८४६ मध्यें विणकाम, क्रोशा व जाळीकाम ह्यांवरील आपलें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें. जन्मभरांत तिच्या हातून सुमारें सत्तर पुस्तकें झालीं. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत तिच्या कामास पदक मिळालें. ह्या पुस्तकांचें खरें महत्त्व त्यांतील भाषेंत आहे. तोंवर टांका एका हातावरून दुसऱ्या हाताकडे जाई. आतां तो शब्दांत बांधला गेला. मराठी गृहिणी साखळी, मुका खांब, खांब, दुहेरी खांब अशा ज्या परिभाषेंत एकमेकींना नमुने सांगतात, तिच्या मागें हीच परंपरा आहे. कोणी कोणाला प्रत्यक्ष न पाहतां, केवळ वाचून, शेंकडों कोसांवरून तेंच फूल हुबेहूब विणूं शकावें, ही त्या काळीं लहानसहान नवलाची गोष्ट नव्हती.

इकडे इंग्लंडांत दिवाणखाने अशा रीतीनें सजत असतां, तिकडे अरुंद समुद्राच्या पलीकडे निराळेंच नाट्य चाललें होतें. आयर्लंडच्या गरीब कुळांचें जीवन बटाट्यावर अवलंबून होतें. जमीनदाराच्या शेतावर राबावें, मोबदल्यांत एक लहानसा तुकडा घ्यावा, त्यांत बटाटे लावावे, आणि त्यावर वर्ष काढावें, असा लक्षावधि कुटुंबांचा क्रम होता. १८४५ च्या सप्टेंबरांत बटाट्याच्या पानांवर एक काळा करपा दिसूं लागला. त्या वर्षीं पिकाचा मोठा हिस्सा गेला; १८४६ सालीं जवळजवळ सर्वच पीक जमिनींत कुजलें. १८४१ च्या शिरगणतींत आयर्लंडची लोकसंख्या सुमारें ८१ लक्ष ७५ हजार होती. १८५१ मध्यें ती सुमारें ६५ लक्ष ५२ हजारांवर आली. उपासमारीनें व तिच्या पाठोपाठ आलेल्या तापांनीं सुमारें १० लक्ष माणसें दगावलीं आणि तितकींच, किंबहुना अधिक, देश सोडून गेलीं. धान्याचीं जहाजें मात्र आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडकडे जातच होतीं. सरकारनें खडी फोडण्याचीं कामें काढलीं. १८४७ च्या वसंतांत तीं आवरून सूपाचीं अन्नछत्रें उघडलीं, व त्या उन्हाळ्यांत ३० लक्षांच्या आसपास लोक त्यांवर जगले. पुढें तींहि बंद झालीं. महाराष्ट्रांत १८७६-७८ च्या दुष्काळाची हकीकत ज्यांनीं वाचली असेल त्यांना ह्या कथेंतील कोणतेंच पान अनोळखी वाटणार नाहीं. तें असो. आयर्लंडच्या साहाय्यार्थ परदेशांतून जो पहिला मोठा निधि गेला तो कलकत्त्याहून गेला, आणि ती रक्कम सुमारें १४ हजार पौंडांची होती, एवढें मात्र येथें नमूद केलें पाहिजे.

ह्या आपत्तींत स्त्रियांची स्थिति विशेष बिकट होती. पूर्वीं घरोघरीं चरख्यावर ताग कांतून बायका चार पैसे मिळवीत. हा तागाचा दोरा लिननसाठीं लागे. परंतु १८२५ नंतर हें सूत यंत्रावर कांतलें जाऊं लागलें आणि दहा-पंधरा वर्षांत घरचा चरखा थंडावला. अर्थात् दुष्काळ आला तेव्हां बाईच्या हाताला विकण्याजोगें कांहींच उरलें नव्हतें. जवळ भांडवल नाहीं, घरांत उजेड नाहीं, यंत्र घेण्याची ऐपत नाहीं. अशा स्थितींत जिला केवळ एक आंकडा व एक दोऱ्याचें रीळ पुरेल अशी कोणती विद्या आहे, हा प्रश्न कित्येक दयाळू व व्यवहारी स्त्रियांपुढें एकाच वेळीं उभा राहिला, आणि तिचें उत्तर त्यांना निरनिराळ्या ठिकाणीं एकच सुचलें.

कॉर्क शहराजवळ ब्लॅकरॉक येथें उर्सुलिन पंथाच्या जोगिणींचा मठ होता. ह्या पंथाच्या जोगिणी १७७१ मध्यें फ्रान्सांतून शिकून आलेल्या. सुईकामाची फ्रेंच परंपरा त्यांच्या बरोबरच आली होती. १८४५ च्या सुमारास तेथें गरीब मुलींना क्रोशा शिकविला जात होता. त्याच शहरांत प्रॉटेस्टंट समाजांतील सुझॅना मेरेडिथ नांवाच्या एका विधवा बाईंनीं अॅडेलेड शाळा चालविली. त्यांनीं १८६५ सालीं ‘लेस विणणाऱ्या’ अशा अर्थाचें एक पुस्तक लिहिलें, आणि ह्या चळवळीची पुष्कळशी माहिती त्यावरूनच मिळते. किल्डेअर परगण्यांत थॉर्न्टन येथें मिसेस रॉबर्ट्स ह्यांनीं व्हेनिसच्या जुन्या लेसचे नमुने समोर ठेवून तसा परिणाम क्रोशानें साधतां येतो हें दाखविलें, आणि आपल्या हातांखालीं तयार झालेल्या मुलींना ठिकठिकाणीं शिक्षिका म्हणून पाठविलें. त्यांपैकीं एक मोनाहन परगण्यांतील क्लोन्स ह्या गांवीं गेली. तेथें १८४७ मध्यें नव्या धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड ही इंग्लंडांतून नुकतीच येऊन राहिली होती. दुष्काळाचें तें सर्वांत काळें वर्ष. दाराशीं येणाऱ्या भुकेलेल्यांना किती दिवस आणि किती जणांना वाढणार, ह्या विवंचनेंत तिनें हें काम हातीं घेतलें आणि थोड्याच वर्षांत आसपासच्या खेड्यांतील शेंकडों घरें त्यावर चालूं लागलीं. मुलगी कॅथॉलिक कीं प्रॉटेस्टंट हा प्रश्न त्या कलहप्रिय देशांतहि लेसपुरता तरी मागें पडला.

व्हेनिसची मूळ लेस ही साध्या सुईनें, एकेक टांका घालून केलेली असते. तिला शिकावयास वर्षें लागतात, आणि बोटभर रुंदीच्या तुकड्यास दिवसांमागून दिवस जातात. उपाशी मनुष्यास इतका वेळ नसतो. क्रोशाचा मुख्य गुण हा कीं हुशार मुलगी थोड्याच आठवड्यांत विकाऊ काम करूं लागे. तरीसुद्धां परिणाम असा कीं, दुरून पाहणारा फसावा. हें कसें साधलें तें थोडें विस्तारानें सांगण्याजोगें आहे; कारण आयरिश क्रोशा हा नेहमींच्या क्रोशापेक्षां रचनेनेंच निराळा आहे.

नेहमींचा रुमाल मध्यापासून वाटोळा किंवा एका टोंकापासून ओळीओळींनीं सलग विणला जातो. आयरिश कामांत सलग असें कांहींच नसतें. प्रथम प्रत्येक फूल, पान, वेल, द्राक्षाचा घोंस, चक्र हें सुटें सुटें विणून ठेवावयाचें. प्रत्येकाच्या पोटांत एक जाड भरावाचा दोरा असतो. त्याच्याभोंवतीं मुके खांब दाटीनें घालीत जावयाचें, म्हणजे पाकळीची कड दोरीसारखी टच्च उभी राहते. तो दोरा जरा ओढला कीं पान आपोआप वळतें, सैल सोडला कीं पसरतें; मातींत बोटें फिरविणाऱ्या कुंभाराप्रमाणें विणणारी त्याला हवा तो घाट देते. गुलाब करावयाचा तर एका पाकळ्यांच्या फेऱ्यामागें दुसरा, त्यामागें तिसरा, अशा रीतीनें थर चढवावयाचे. पुरेसे तुकडे जमले म्हणजे कागदावर किंवा मादरपाटावर गळपट्टीचा अथवा बाहीचा आकार रेखून त्यावर ते सर्व उलटे मांडावयाचे आणि धांवदोऱ्यानें पक्के करावयाचे. मग मधली मोकळी जागा बारीक साखळ्यांच्या जाळीनें भरून काढावयाची, आणि त्या जाळींत अंतराअंतरानें लहान गांठी घालावयाच्या. शेवटीं धांवदोरा उसवला कीं सबंध लेस कापडापासून मोकळी होऊन हातांत येते. ओळी मोजण्याचा प्रश्नच येत नाहीं. डोळ्याला जेथें पोकळ दिसेल तेथें साखळी टाकावयाची. म्हणूनच जिला अक्षरओळख नाहीं अशा बाईलाहि तें काम उत्तम येई.

त्यांतल्या त्यांत क्लोन्सच्या गांठीची ख्याति मोठी. साखळी किंचित् लांब ओढून धरावयाची, तिच्यावर आंकडा मागें-पुढें झुलवीत दोऱ्याचे दहा-पंधरा वेढे घ्यावयाचे, आणि मग त्या सर्व वेढ्यांतून एकदम दोरा बाहेर काढून तोंड बंद करावयाचें. सांगावयास चार शब्द, करावयास मात्र हात बसावा लागतो. वेढे सैल झाले तर गांठ भोंगळ, घट्ट झाले तर आंकडा आंतच अडकतो. नीट साधलेली गांठ मोहरीच्या दाण्यासारखी गोल बसते.

हें नाजूक काम होई कोठें? मातीच्या भिंतींच्या एकखणी झोंपडींत, पीट नांवाच्या दलदलींतील काळ्या इंधनाच्या धुरांत. लेस विणून पुरी होई तेव्हां ती पांढरी क्वचितच असे; तिला धुऊन, शुभ्र करून मगच बाजार दाखवावा लागे, आणि क्रोशाचें सुती काम धुण्यास टिकतें हाहि त्याचा एक मोठा गुण ठरला. सुयासुद्धां आरंभीं घरींच होत. एखादी जुनी सुई किंवा तार वांकवून लांकडाच्या मुठींत बसविली कीं झालें. कामाची वांटणी मोठी चमत्कारिक असे. एका घरीं केवळ गुलाब, दुसऱ्या घरीं केवळ पानें, तिसरीकडे द्राक्षें. ज्या घराची जी खूण ती त्या घराची मिरास. शेजारीण अचानक आंत आली तर हातांतलें काम पदराखालीं, म्हणजे तेथील भाषेंत झग्याखालीं, जाई. आई, मुली, कांहीं घरीं मुलगेहि ह्या कामास बसत. सर्व तुकडे एकत्र करून सांधणारी ही बहुधा सर्वांत कसबी बाई असे आणि दुकानदाराशीं व्यवहारहि तीच करी.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ह्या चळवळीची वर्णनें करणाऱ्यांनीं दात्या स्त्रियांचें गुणगान पुष्कळ केलें आहे, आणि तें अयोग्यहि नाहीं. परंतु त्यांपैकीं कित्येक जमीनदारांच्या किंवा त्यांच्या आश्रितांच्या घरच्या होत्या, आणि लेस विकून आलेला पैसा खंडाच्या रूपानें त्याच वाड्यांकडे परत जाई, हें विसरून चालत नाहीं. तरी त्या पैशानें घरावरचें छप्पर टिकलें. दुसरा बराचसा पैसा जहाजाच्या तिकिटांत गेला. एका मुलीनें लेस विणून अमेरिकेचें भाडें जमवावें, तिनें तेथून धाकटीचें भाडें पाठवावें, अशी रीत पडली. दुष्काळापूर्वीं ज्या घरांत मुलीच्या कमाईस कोणी विचारीत नसे, तेथें तीच घरची कर्ती झाली. बापाच्या शेतापेक्षां मुलीची बोटें अधिक पिकूं लागल्यावर घरांतील मानपानाचा क्रम बदलला असल्यास नवल नाहीं.

रिएगोबाईंनीं उत्तर वयांत, १८८६ च्या सुमारास, ह्या आयरिश क्रोशाच्या शोधाचा मान स्वतःकडे घेतला. पुस्तकांतील नमुन्यांचा त्यांनीं विकास केला व प्रसार केला हें खरें. पण एकाच दोन वर्षांत, एकमेकींस न ओळखणाऱ्या जोगिणी, धर्मोपदेशकांच्या बायका व खेड्यांतील मुली ह्यांच्या हातून जें घडलें, त्याचें जनकत्व कोणा एकीकडे देणें म्हणजे पावसाचें श्रेय एका ढगास देण्यासारखें आहे. शिवाय क्लोन्सची गांठ काय किंवा भरावाचा दोरा ओढून पान वळविण्याची युक्ति काय, ह्या गोष्टी काम करतां करतां, हातांनाच सुचणाऱ्या आहेत.

लेसचा धंदा हा शेवटीं फॅशनचा धंदा. १८५० नंतर गळपट्ट्या, मनगटपट्ट्या, खांद्यावरून उतरणाऱ्या झालरी ह्यांना लंडन-पॅरिसमध्यें मागणी होती तोंवर सर्व ठीक चाललें. मागणी वाढली तशी घाई वाढली, घाईबरोबर दोरा जाड झाला, नमुने तेच तेच होऊं लागले आणि ग्राहकांचें मन उडालें. पुढें १८८३ मध्यें कॉर्क येथें औद्योगिक प्रदर्शन भरलें तेव्हां लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांतील अॅलन कोल ह्यांनीं लेसवर व्याख्यानें देऊन जुन्या उत्तम नमुन्यांकडे पुनः लक्ष वेधलें. चित्रशाळांतून नवे नमुने रेखून मठांना पुरविण्याची व्यवस्था झाली. १८८६ मध्यें लेडी अॅबर्डीन ह्यांच्या पुढाकारानें आयरिश उद्योगांची संस्था निघाली, आणि १८९३ च्या शिकागो येथील विश्वप्रदर्शनांत, म्हणजे ज्या सोहळ्याच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले त्याच सोहळ्यांत, एक आयरिश खेडें उभारून तेथें ह्या कारागिरांचें काम मांडण्यांत आलें. १९०० ते १९१४ हीं आयरिश क्रोशाच्या ऐश्वर्याचीं वर्षें. पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याचे नुसते गळेच नव्हेत, तर सबंध झगे व कोट बनविले. असा एक कोट तयार होण्यास कित्येक हातांचे कित्येक महिने लागत.

परंतु तोंवर प्रतिस्पर्धी जागे झाले होते. स्वित्झर्लंडांत सेंट गॅलन व सॅक्सनींत प्लाउएन येथें १८८० नंतर एक विलक्षण कृति निघाली. रेशमी कापडावर यंत्रानें सुती भरतकाम करावयाचें आणि मग तें सबंध कापड रसायनांत बुडवावयाचें. रेशीम विरघळून जाई, मागें सुताची जाळी उरे. ती हाताची कीं यंत्राची हें ओळखण्यास भिंग लागे. शिवाय विणणारीच्या हातीं पडणारा मोबदला मध्यस्थाच्या मर्जीवर असे. डोनेगलसारख्या परगण्यांत घरीं विणकाम-भरतकाम करणाऱ्या बायकांना नाण्यांऐवजीं दुकानदार चहा-साखर देतात अशी ओरड इतकी वाढली कीं, सरकारच्या स्त्री-निरीक्षकांना त्याची चौकशी करावी लागली. पहिल्या महायुद्धाबरोबर पॅरिसची मागणी थांबली. युद्धानंतर स्त्रियांचा पोशाख आंखूड व सडा झाला, आणि उठावदार लेसला त्यांत जागा राहिली नाहीं. क्लोन्सच्या परिसरांत कांहीं घरांत ही कला तगून राहिली, आणि १९८० नंतरच्या दशकांत तेथें तिचें पुनरुज्जीवन करण्यांत आलें.

सुई आणि दुष्काळ ह्यांची ही गांठ आपल्याकडेहि पडलेली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत हिंडून शेंकडों निराधार मुली व बायका घेऊन आल्या आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकाम, विणकाम व इतर हातधंदे शिकविले. स्वतः रमाबाईंचे आईवडील १८७४ मध्यें दुष्काळाच्या फेऱ्यांतच गेले होते. तेव्हां नुसत्या अन्नदानानें स्त्री जगत नाहीं, तिच्या हातीं कांहीं उद्योग लागतो, हें त्यांना कोणी पुस्तकांतून शिकविण्याची गरज नव्हती. क्रोशाचें तर आणखीहि एक उदाहरण आहे. नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी जेथें समुद्रास मिळते, त्या आंध्र किनाऱ्यावरील नरसापूरच्या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनरी दांपत्यानें क्रोशाची लेस शिकविली. तेथें ती मूळ धरून राहिली, परदेशीं जाऊं लागली आणि हजारों बायकांचा धंदा झाली. १९८२ सालीं मारिया मीस ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं नरसापूरच्या लेसवाल्यांवर एक पुस्तक लिहिलें. त्यांना दिसलें तें असें कीं, दिवसांतून कित्येक तास विणूनहि ह्या बायकांना कोणी कामकरी म्हणत नव्हतें. त्या ‘घरीं बसलेल्या’ बायका, आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, असें व्यापारी समजत आणि दर ठरवितांना तेंच गृहीत धरीत. क्लोन्स व नरसापूर ह्यांत सव्वाशें वर्षांचें व कित्येक हजार मैलांचें अंतर आहे, पण हिशेबाची वही एकच.

आज जुन्या पुस्तकांवरून हे नमुने पुनः विणून पाहण्याची हौस पुष्कळ घरांत दिसते, आणि जुनीं पुस्तकेंहि आतां सहज पाहावयास मिळतात. अशा हौशी स्त्रियांस दोन अडचणी हटकून येतात. पहिली परिभाषेची. इंग्रजी पुस्तकांत ज्यास ‘डबल’ म्हटलेलें असतें तो आपला मुका खांब, पण अमेरिकन पुस्तकांत त्याच टांक्यास ‘सिंगल’ म्हणतात आणि त्यांचा ‘डबल’ म्हणजे आपला पुरा खांब. पुस्तक कोठलें आहे हें न पाहतां आरंभ केला तर गुलाबाचा कोबी व्हावयास वेळ लागत नाहीं. दुसरी अडचण दोऱ्याची. आजच्या तोरणाला वापरतात त्या दोऱ्यानें विणलेलें फूल मूळ फुलाच्या तिपटीएवढें होतें आणि त्याचा उठाव जातो. जुन्या कामाची सुई अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची असे. जाळी भरण्यापूर्वीं सुटीं फुलें ओल्या फडक्याखालीं ठेवून टांचण्यांनीं ताणून वाळवावीं. तीं कापडावर मांडतांना उजवी बाजू खालीं करावी, कारण जाळीच्या सर्व जोडण्या मागच्या बाजूनें येतात. आणि भरावाचा दोरा काम पुरें होईपर्यंत कापूं नये. पान कोणीकडे वळवावयाचें हें मांडणी झाल्यावरच कळतें.